हिस्लॉपचे दगड आणि सजीवांचं झाड

गोरेगाव म्हटलं की बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांसमोर मुंबईची लोकल येते. मग आपल्याला दरवेळी मान हलवून सांगावं लागतं की ते नव्हे, गोंदिया जिल्ह्यातलं, नागझिऱ्याजवळचं. नाव सारखं असलं म्हणजे नातं असतंच असं नाही, हे गोरेगावकरांना वेगळं शिकवायला नको. हाच धडा सजीवांच्या बाबतीत शिकायला मात्र भल्याभल्यांना शे-दीडशे वर्षं लागली. त्या शिकण्यातला बराच कच्चा माल आपल्या विदर्भातून आणि त्याला लागून असलेल्या गोदावरी-प्राणहितेच्या खोऱ्यातून गेला. तो गोळा करणारा माणूस नागपुरात मराठी शाळा चालवत होता.

बारावीनंतर ॲडमिशनच्या चकरा मारायला नागपूरला गेलेल्या प्रत्येकाने त्याचं नाव वाचलेलं असतं. सिव्हिल लाइन्समधलं हिस्लॉप कॉलेज. पत्ता, टेंपल रोड. (त्या रस्त्यावर देऊळ शोधू नका. टेंपल हे एका इंग्रज अधिकाऱ्याचं आडनाव आहे आणि तो या गोष्टीत शेवटी येणार आहे.) कॉलेज १८८३ चं, म्हणजे ज्याचं नाव दिलं तो माणूस जाऊन तेव्हा वीस वर्षं झाली होती.

स्टीफन हिस्लॉप. जन्म ८ सप्टेंबर १८१७, स्कॉटलंडमधल्या डन्स नावाच्या लहानशा गावी. बाप गवंडी. म्हणजे घरात दगडाची भाषा पहिल्यापासून होती असं म्हणायला हरकत नाही. पोरगा किडे पकडायचा, दगड वेचायचा आणि अभ्यासातही हुशार होता. एडिंबरा आणि ग्लासगोला शिकून तो धर्मोपदेशक झाला. १८४३ साली स्कॉटलंडच्या चर्चमध्ये मोठी फूट पडली आणि सरकारी हस्तक्षेप नको म्हणणारे लोक बाहेर पडून त्यांनी फ्री चर्च काढलं. हिस्लॉप त्या बाजूला गेला. पुढच्याच वर्षी या नव्या चर्चने त्याला नागपूरला पाठवलं. १८४४ च्या अखेरीस तो बायकोसह मुंबईला उतरला आणि फेब्रुवारी १८४५ मध्ये नागपूरला पोचला. तेव्हा रेल्वे नव्हती. नागपूरला रेल्वे आली १८६७ मध्ये. मुंबईपासून नागपूरपर्यंतचा सगळा मुलूख त्याने रस्त्याने, सावकाश, दगडमाती बघत पार केला.

नागपूर तेव्हा भोसल्यांचं राज्य होतं. हिस्लॉपने आधी मराठी शिकून घेतली. १८४६ मध्ये शाळा काढली. धर्मप्रसार हेच त्याचं काम होतं आणि त्याने ते कधी लपवलं नाही. पण लोकांना हवं होतं शिक्षण, धर्म नको होता. एखाद्या मुलाच्या धर्मांतराची कुजबुज झाली की शाळेचे वर्ग ओस पडायचे, काही महिन्यांनी पुन्हा भरायचे. या हिशेबाने पाहिलं तर ज्या कामासाठी तो आला त्यात त्याला फार यश आलं नाही. १८५३ च्या डिसेंबरात राजे रघुजी वारले आणि लगेच इंग्रजांनी राज्य खालसा केलं. त्यानंतर राजवाड्यातल्या वस्तूंचे लिलाव झाले. कारभार ढिसाळ चालला, तेव्हा हिस्लॉपने आपल्याच देशबांधवांच्या कारभारावर वर्तमानपत्रांत टीका केली. हे सगळं वाचायला रंजक आहे, पण आपल्याला जायचंय टाकळीला.

आज शहराच्या पोटात गेलेलं टाकळी त्या काळी सीताबर्डीच्या पश्चिमेला दोन-तीन मैलांवरचं गाव होतं. हिस्लॉपला १८४७ पासून रॉबर्ट हंटर नावाचा जोडीदार मिळाला होता. (हा हंटर पुढे इंग्लंडला परतून जाडजूड शब्दकोशकार झाला.) १८५१ मध्ये टाकळीकडे फिरायला गेलेल्या या दोघांना दगडात गोगलगाईसारखे शंख दिसले. गोड्या पाण्यातले, म्हणजे तळ्यात राहणारे. सापडले कुठे, तर काळ्या पत्थराच्या दोन थरांच्या मधे.

इथे जरा थांबू या, कारण हा प्रकार विचित्र आहे. काळा पत्थर म्हणजे ज्वालामुखीतून आलेला, थंड होऊन घट्ट झालेला लाव्हा. दख्खनचा मोठा भाग त्यानेच बनलाय. मग लाव्ह्याच्या दोन थरांच्या मधे गोगलगाय काय करत होती? उत्तर एकच निघतं. एक लाव्हा आला, थंड झाला. मधे इतका काळ गेला की त्यावर माती साचली, पाणी साचलं, तळं झालं, तळ्यात जीव नांदले, काठावर झाडं वाढली. मग पुन्हा लाव्हा आला आणि त्याने हे सगळं झाकून टाकलं. आज आपण त्या थराचं वय साडेसहा कोटी वर्षांच्या आसपास सांगतो. हिस्लॉपकडे आकडा नव्हता, पण क्रम होता. तो त्या वीतभर थरातून वेचत राहिला. शंख, माशांचे खवले, फळं, बिया, अगदी भुंग्यांच्या पंखांची टणक आवरणंही. भुंग्यांवर १८६० मध्ये लंडनला वेगळा लेख छापून आला. त्याआधी १८५५ मध्ये हिस्लॉप आणि हंटर यांचा नागपूर परिसराच्या भूगर्भावरचा लेख लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात आला होता. नागपूरच्या शाळामास्तराचं नाव त्या जगात माहीत झालं.

आणि मग दगडांची रीघच लागली. कामठी आणि सिलेवाडा इथल्या खाणींतून पानांचे ठसे. चंद्रपूर-वणीच्या बाजूला मांगलीहून एक कवटी. प्राणहितेपलीकडच्या मालेरीहून (हे गाव आज तेलंगणात आहे) दात आणि हाडं. हिस्लॉप हे सगळं नीट बांधून, कुठे सापडलं ते लिहून, लंडन-कोलकात्याच्या तज्ज्ञांकडे पाठवायचा. नाव द्यायचं काम त्यांचं. मांगलीच्या कवटीला रिचर्ड ओवेनने १८५५ मध्ये नाव दिलं ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स. अर्थ साधा आहे, आखूड तोंडाचा, रुंद डोक्याचा. हा बेडकांच्या दूरच्या गोतावळ्यातला, पण मगरीसारखा चपट्या डोक्याचा, आता नामशेष झालेला प्राणी. पानांवर लिहिलं चार्ल्स बनबरीने, १८६१ मध्ये. हा बनबरी डार्विनच्या पत्रव्यवहारातला माणूस.

तर डार्विन. या सगळ्या धामधुमीत, नोव्हेंबर १८५९ मध्ये, त्याचं पुस्तक आलं. एवढ्या मोठ्या पुस्तकात आकृती एकच आहे. खालून वर फुटत जाणाऱ्या रेघांची, झाडासारखी. काही रेघा वरपर्यंत पोचतात, बऱ्याच मधेच संपतात. डार्विनचं म्हणणं असं की सजीवांचं वर्गीकरण म्हणजे कपाटाचे कप्पे नव्हेत, ती वंशावळ आहे. भाटांच्या पोथीत जशी घराण्याची असते तशी. फरक एवढाच की पोथीतलं मूळ पुरुषाचं नाव इथे कोरं असतं.

दहावीच्या विज्ञान भाग दोनमध्ये पहिलाच धडा आनुवंशिकता आणि उत्क्रांतीचा होता, आठवतोय? तो पाठ करून मार्क मिळतात, पण झाड वाचायचं कसं ते बहुतेकांच्या हाती लागत नाही. माझ्याही लागलं नव्हतं. आपण झाडाकडे बघतो आणि शिडी बघतो. खाली जिवाणू, मग मासा, मग बेडूक, मग माकड आणि सगळ्यात वरच्या पायरीवर आपण, हात कमरेवर ठेवून. तसं ते नसतं. हिस्लॉपने पाठवलेल्या दोन वस्तूंवरून हे जितकं छान समजतं तितकं कुठल्याच चार्टवरून समजत नाही, म्हणून त्यांच्यापाशी थोडा वेळ काढू.

पहिली वस्तू, मालेरीचे दात. कोंबड्याच्या तुऱ्यासारख्या कडा असलेले, दाढांचे चपटे पाटे म्हणावेत असे. वय सुमारे २२-२३ कोटी वर्षं. असे दात युरोपात आधी सापडले होते आणि त्या माशाला सिरॅटोडस, म्हणजे शिंगासारख्या दातांचा, असं नाव मिळालं होतं. कोलकात्याच्या थॉमस ओल्डहॅमने १८५९ मध्ये मालेरीच्या दातांचं वर्णन केलं आणि त्यातल्या एका जातीला हिस्लॉपचं नाव दिलं. तेव्हा सगळ्यांचा समज असा की हा मासा केव्हाच संपला, उरले फक्त दात.

१८७० मध्ये ऑस्ट्रेलियात सिडनीच्या संग्रहालयातल्या गेरार्ड क्रेफ्टपुढे क्वीन्सलँडच्या नदीतला एक मोठा मासा आला. तिथले वसाहतवाले तो खुशाल खात होते. क्रेफ्टने त्याचं तोंड उघडून पाहिलं आणि आत तेच दात होते. जिवंत. हिस्लॉपला जाऊन तेव्हा सात वर्षं झाली होती. हा फुप्फुसमासा. कल्ल्यांबरोबर याला फुप्फुसही असतं आणि तो वर येऊन हवा घेतो. आज जगात त्याच्या सहाच जाती उरल्यात, ऑस्ट्रेलियात एक, दक्षिण अमेरिकेत एक आणि आफ्रिकेत चार.

आता एक प्रश्न. रोहू, फुप्फुसमासा आणि गाय, या तिघांत जवळचे नातलग कोणते दोन? बाजारात मासे घ्यायला गेलेला कुणीही सांगेल, दोन मासे. चूक. फुप्फुसमासा आणि गाय. कारण नातं दिसण्यावर ठरत नाही, शेवटचा सामाईक पूर्वज केव्हा होता यावर ठरतं. फुप्फुसमासा आणि गाय यांचा सामाईक पूर्वज ज्या फांदीवर होता, ती फांदी रोहूच्या फांदीपासून त्याच्याही आधी वेगळी झाली होती. जसं तुमचा चुलतभाऊ मुंबईला राहून पक्का मुंबईकर दिसायला लागला आणि शेजारचा पोरगा अगदी तुमच्यासारखा दिसत असला, तरी तेराव्याला कुणाला बोलवायचं ते नात्यावर ठरतं, चेहऱ्यावर नाही. झाडात जिथे दोन फांद्या एकत्र येतात तो सांधा बघायचा. सांधा जितका अलीकडचा, नातं तितकं जवळचं. बाकी टोकाला कोण कुणाच्या शेजारी छापलंय याला काही अर्थ नाही. फांद्या सांध्याभोवती फिरवल्या तरी झाड तेच राहतं, पाळण्यावर टांगलेल्या खेळण्यासारखं.

आणखी एक गोष्ट. रोहूही आजचा, फुप्फुसमासाही आजचा, गायही आजची. झाडाच्या टोकावर सगळे एकाच उंचीवर. फुप्फुसमासा आपला पूर्वज नाही, लांबचा चुलत आहे. माणूस माकडापासून झाला तर अजून माकडं कशी शिल्लक, हा वर्गात हमखास येणारा प्रश्न इथेच मिटतो. चुलतभाऊ जिवंत असणं यात नवल काय? आता हे सगळं दातांवरून कमी आणि डीएनएवरून जास्त ठरतं. दोन सजीवांच्या डीएनएतले फरक मोजायचे, ज्यांना सामाईक बदल जास्त ते एका फांदीवर. २०२१ मध्ये त्या ऑस्ट्रेलियन फुप्फुसमाशाचा पूर्ण जीनोम वाचून झाला. तो माणसाच्या जीनोमच्या सुमारे १४ पट मोठा निघाला, आणि चार पायांच्या प्राण्यांचा सर्वांत जवळचा जलचर नातलग हाच, यावर शिक्कामोर्तब झालं. जीनोमच्या मोठेपणावरून कोण वरच्या पायरीवर ते ठरवायचं असेल तर आपली पंचाईतच आहे.

दुसरी वस्तू त्याच मालेरीची. लांबट जबड्याचा तुकडा, दातांच्या खाचांसह. बघताक्षणी कुणीही म्हणेल मगर, नाहीतर घडियाल. डार्विनचा खंदा पाठीराखा थॉमस हक्सलेने मालेरीच्या हाडांचा अभ्यास केला. पुढे लायडेकरने १८८५ मध्ये या प्राण्याचं वर्णन केलं आणि नाव दिलं पॅरासुकस हिस्लोपाय. हिस्लॉपचा, मगरीच्या बाजूचा प्राणी. पण हाडांच्या त्या ढिगात दोन वेगवेगळ्या प्राण्यांचे तुकडे मिसळले गेले होते. काही भाग भलत्याच, चोच असलेल्या शाकाहारी सरपटणाऱ्याचे होते. म्हणजे ज्यावर नाव बेतलं तो पुरावाच खिचडी. शंभरेक वर्षांनी कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या लोकांना त्याच मालेरीच्या थरातून जवळजवळ पूर्ण सांगाडे मिळाले. शंकर चॅटर्जी यांनी १९७८ मध्ये त्यांचं सविस्तर वर्णन केलं तेव्हा कुठे या प्राण्याला धड शरीर मिळालं.

आणि शरीर मिळाल्यावर मगरपणा उघडा पडला. मगरीच्या नाकपुड्या तोंडाच्या अगदी टोकाला असतात. याच्या डोळ्यांजवळ, डोक्यावर. दोघांचंही काम तेच, पाण्यात दबा धरून फक्त नाक वर ठेवायचं. पण युक्ती वेगवेगळी. म्हणजे दोघांनी स्वतंत्रपणे मगरीचा आकार गाठला. नाव सारखं, गाव वेगळं. गोरेगावकरांनी हसायला हरकत नाही. हा गट मगरीच्या फांदीच्या अगदी बुडाशी बसवायचा की ती फांदी फुटण्याच्या आधीच, यावर संशोधक अजून भांडतात.

मग मगरीचा जिवंत नातलगांतला सगळ्यात जवळचा कोण? आपल्या बांधाबांधाने फिरणारी घोरपड? नाही. सारस. फक्त सारस नव्हे, कुठलाही पक्षी, अगदी अंगणातली कोंबडीसुद्धा. पण गोंदिया जिल्ह्यातल्या माणसाने उदाहरण द्यायचं तर सारसाचंच द्यावं. महाराष्ट्रात सारसांची वीण टिकून आहे ती मुख्यतः आपल्याच धानाच्या बांध्यांमध्ये. मगर आणि पक्षी यांचा सामाईक पूर्वज सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वीचा. घोरपडीची फांदी त्याच्याही बरीच आधी वेगळी झालेली. पुढच्या वेळी रोवणी झालेल्या बांधीत सारसाची जोडी दिसली तर दोन मिनिटं थांबून या अंगाने बघा. पायांवरचे खवले जवळून बघितले तर पटायला सोपं जातं, पण एवढं जवळ जाऊ नका. अंडी असतील तर ते सोडून देतात.

हिस्लॉपच्या नावाचा एक जिवंत प्राणीही आहे. नागपूरच्या तळ्यातल्या, शिंपल्या-काड्यांवर पातळ जाळीसारखा पसरणाऱ्या एका इवल्या जीवाचं १८५८ मध्ये मुंबईच्या एच. जे. कार्टरने वर्णन केलं. त्याचं नाव हिस्लोपिया. बघणाऱ्याला ते शेवाळ वाटतं. प्रत्यक्षात ती प्राण्यांची वसाहत असते. शिवाय हिस्लोपाइट नावाचं हिरवट खनिज आहेच. असो.

कामठी-सिलेवाड्याची पानं राहिली. जिभेच्या आकाराची, मधे ठळक शीर, बाजूला शिरांचं जाळं. ग्लॉसोप्टेरिस. ही वनस्पती भारतात सापडते, ऑस्ट्रेलियात सापडते, दक्षिण आफ्रिकेत सापडते. तिच्या बिया समुद्र ओलांडण्याजोग्या नव्हत्या. मग हे तिन्ही प्रदेश कधीतरी एकमेकांना चिकटलेले असणार, असा अंदाज पुढच्या पिढीने बांधला. त्या जुन्या महाखंडाला नाव मिळालं गोंडवन, आपल्याच मध्य भारतातल्या गोंडांच्या मुलखावरून. जगातल्या प्रत्येक भूगोलाच्या पुस्तकात आज हा शब्द आहे. सालेकसा-देवरीच्या एखाद्या पोराला दिल्ली-मुंबईत जाऊन आपण कुठले हे सांगताना संकोच वाटत असेल, तर त्याने एकदा हे लक्षात घ्यावं.

हिस्लॉपचं दुसरं झाड इथून सुरू होतं. दगड शोधत फिरताना त्याला माणसं भेटत होती. गोंड, कोलाम, माडिया, कोरकू, कैकाडी. तो त्यांच्याकडून शब्द लिहून घ्यायचा. एकच शब्द सगळ्यांना विचारायचा आणि उत्तरं रकान्यांत शेजारी-शेजारी मांडायची. हाताला काय म्हणता, पाण्याला काय म्हणता, एक-दोन-तीन कसं मोजता. हे काम आजच्या डीएनएच्या तक्त्यासारखंच आहे. तिथे चार अक्षरं असतात, इथे बाराखडी.

उदाहरण घ्या. मराठीत दोन, तीन, चार. गोंडीत रंड, मूंड, नालूंग. तेलुगूत रेंडु, मूडु, नालुगु. तमिळमध्ये इरंडु, मून्रु, नालु. कान देऊन ऐकलं की गोंडी कुठल्या घरची ते लगेच कळतं. शेकडो वर्षं गोंडी आणि मराठी एका बाजारात उठबस करतात, एकमेकींचे शब्द वापरतात, पण गोंडीचा सांधा तेलुगू-तमिळच्या बाजूला आहे. कोलामी, माडिया आणि कैकाडी याच घराच्या. मेळघाटातली कोरकू मात्र तिसऱ्याच घराण्यातली, तिचे नातलग झारखंडातले संथाली-मुंडारी. शेजार आणि नातं हे पुन्हा वेगवेगळं निघालं. नेमक्या त्याच काळात, १८५६ मध्ये, रॉबर्ट कॉल्डवेलने दक्षिणेतल्या या भाषांचं एक कुटुंब आहे असं पुस्तकच लिहून मांडलं होतं. आणि डार्विननेही आपल्या पुस्तकात सजीवांच्या वंशावळीची तुलना भाषांच्या वंशावळीशी केली आहे.

इथे एक खबरदारी घ्यायलाच हवी. भाषेचं झाड म्हणजे रक्ताचं झाड नव्हे. माणसं भाषा बदलतात, सारस चोच बदलून घेत नाही. त्या काळातल्या गोऱ्या साहेबांना हे दोन्ही एकत्र करायची आणि वर त्याची शिडी करायची फार हौस होती. कोण मागास, कोण पुढारलेला, कोणाला कुठल्या पायरीवर बसवायचं. हिस्लॉपही त्या काळाचाच माणूस होता, त्याचे कागद वाचताना हे जाणवतं. आदिवासींविषयी लिहिताना त्याची नजर सगळीकडे बरोबरीची नाही. पण त्याने शब्द प्रामाणिकपणे लिहून ठेवले आणि म्हणून आज ते त्याच्या मतांपेक्षा जास्त टिकलेत.

शब्दांबरोबर त्याने एक मोठं गीतही टिपून घेतलं, एका परधान पुजाऱ्याच्या तोंडून. पारी कुपार लिंगोची कथा. गोंडांचे देव गुहेत कोंडले गेले आणि लिंगोने त्यांना सोडवलं. तुमच्यापैकी कितीतरी जण माघ पौर्णिमेला सालेकसा तालुक्यात कचारगडच्या यात्रेला गेले असतील. दरेकसाजवळची ती प्रचंड गुहा, पिवळे झेंडे, निरनिराळ्या राज्यांतून आलेले लोक. ज्या कथेसाठी ही गर्दी जमते तिची सर्वांत जुन्या छापील नोंदींपैकी एक म्हणजे हिस्लॉपचे हे कागद. लिंगोने त्या कथेत काय केलं, तर सुटलेल्या लोकांना कुळं वाटून दिली, कुणाचं कुणाशी सोयरिक जमेल आणि कुणाचं भाऊबंद म्हणून जमणार नाही ते ठरवून दिलं. सात देवे, सहा देवे, पाच देवे, चार देवे. आपल्याकडे सांध्यांचा हिशेब ठेवायची रीत लंडनहून आलेली नाही.

१८६१ मध्ये मध्य प्रांत झाला, पुढच्या वर्षी रिचर्ड टेंपल नावाचा धडाडीचा अधिकारी त्याचा कारभारी म्हणून आला. त्याला प्रांतातल्या प्रत्येक गोष्टीत रस. हिस्लॉप त्याचा माहीतगार झाला. नागपूरच्या दक्षिणेला, बुटीबोरीच्या बाजूला टाकळघाट इथे दगडांची प्राचीन वर्तुळं आहेत, कुणी पुरलेल्या माणसांभोवती रचलेली. ती दाखवायला हिस्लॉप टेंपलबरोबर गेला. तारीख ४ सप्टेंबर १८६३. टेंपल पुढे मुक्कामाला गेला. हिस्लॉप तिथली शाळा बघायला मागे थांबला आणि संध्याकाळी एकटाच घोड्यावरून निघाला. वाटेत नाला. सकाळी येताना त्यात जेमतेम पाणी होतं.

आपल्याकडच्या नाल्यांचं काय सांगायचं. वर कुठेतरी पाऊस कोसळतो आणि खाली कोरड्या पायांनी ओलांडलेला नाला दोन तासांत ओळखू येत नाही. मुक्कामावर हिस्लॉपचा घोडा एकटाच पोचला, ओला. लोक मशाली घेऊन शोधायला धावले. हिस्लॉप पाण्यात सापडला. चार दिवसांनी त्याला सेहेचाळीस वर्षं पूर्ण होणार होती.

त्याच्या घरी कागदांचे गठ्ठे होते. शब्दांचे रकाने, लिंगोचं गीत, गोंड आणि इतर जमातींवरची अर्धी-अपुरी टिपणं. टेंपलने ते मागवून घेतले, वाचले, लावले आणि १८६६ मध्ये नागपूरला छापून काढले. दगड लंडनला गेले होते, तिथे ते अजून आहेत. मालेरीचा प्राणी मात्र कोलकात्याला उभा आहे, नाकपुड्या डोळ्यांजवळ, आणि नावात हिस्लॉप.